तीन पांढरे बोळे

३ फेब्रुवारी १९९२, धुळे

आले एकदाची! आठ वर्षांनी पुन्हा खानदेशात. क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, नळाला सकाळी तासभर पाणी येतं, दाराशी कडुनिंब आहे. फैजपूरहून बेबामावशीने केळ्यांचा अख्खा घड आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ पाठवलंय. एकटी बाई एवढी केळी खाणार कधी, हे तिला कोण विचारणार!

आमचं लष्करी रुग्णालय लहानसंच. दारावर पाटी लागली : मेजर एस. जे. चौधरी. सगळे मला ‘मेजरबाई’ म्हणतात. चालेल. बाळंतपणात बाई दोन-दोन दिवस अडते, मुलाच्या डोक्याखाली मूत्राशय चेपतं, त्याला भोक पडतं आणि मग जन्मभर लघवी गळत राहते. ते भोक शिवणं ही माझी विद्या. शिकून नऊ वर्षं झाली, आणि त्यातली सात मी जवानांचे हर्निया आणि सपाट तळवे तपासण्यात घालवली. या वेळी मात्र बदलीच्या हुकमातच ‘स्त्रियांचे मूत्रविकार’ असं लिहिलंय. रात्री मस्त झोप लागेल.

६ फेब्रुवारी

कसली झोप आणि कसलं काय! कर्नलसाहेब गोड हसून म्हणाले की या शाखेचा फौजेला काय उपयोग, ते जरा लिहून द्या. लिहून दिलं. डोक्याकडून खाली झुकणारं ऑपरेशनचं टेबल मागितलं, तर दोन प्रती जोडल्या म्हणून अर्ज परत आला, तीन हव्यात. बायकांच्या वॉर्डात चार खाटा, त्यातल्या दोहोंवर घोंगड्यांचे गठ्ठे. कपाळ माझं.

दुपारी तानुबाई आली. शिंदखेड्याकडची, वय बावीस, नवरा लोटन शिपाई आहे. पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून गळतंय. घरात गोठ्याकडेला गोणपाटावर बसते. सासूने सांगून पाठवलंय की कोरडी होऊन ये, नाहीतर येऊच नको. दुसरी मुलगी पाहून ठेवलीय. तपासणी केली. मूत्राशयात निळं औषध सोडायचं, योनीत कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवायचे. भोक असेल तर बोळा निळा होतो. वरचा बोळा निळाशार निघाला. हे भोक मी बुजवणार म्हणजे बुजवणारच.

११ फेब्रुवारी

आज मी कारकून शालिग्रामवर ओरडले. हक्कदार असल्याची खात्री म्हणून तो तानुबाईला नवऱ्याचं नाव विचारत बसला. ती खाली मान घालून गप्प. इकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. हे या गावच्या माणसाला ठाऊक नाही? मी म्हटलं, कार्डावर आहे ना नाव, मग लिहा गुमान.

तो खालच्या आवाजात म्हणाला, मॅडम, चौऱ्याऐंशीला तुम्ही असं म्हणाला नव्हतात.

मी विसरले नव्हते. आठवायचं नव्हतं, एवढंच. शिंदखेड्याचं, जवानांच्या बायकांसाठीचं शिबिर. मी तेव्हा कॅप्टन, नवी नवी, रांग दारापर्यंत. भिकुबाई नावाची बाई एकटीच आलेली. निळं औषध सोडून झालं होतं, ती टेबलावर होती, आणि शालिग्राम कार्ड घेऊन आला : फोटो पुसट, बाई नवऱ्याचं नाव सांगत नाही, दुसरीच कुणी असेल. मी वैतागून म्हटलं, नाव सांग नाहीतर घरी जा. तिने नाही सांगितलं. मी ‘ओळख संशयास्पद’वर सही केली. ती उतरली आणि निळे थेंब सांडत चालत गेली.

पुढे ती विहिरीत सापडली, हे शालिग्रामने आज सांगितलं. नवऱ्याने, झिपरूने, त्याच महिन्यात दुसरी केली.

१४ फेब्रुवारी

तानुबाईचं ऑपरेशन झालं. टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या, झालं झुकतं टेबल! टाके दोन थरांत, सुरेख बसले. आता चौदा दिवस लघवीची नळी सुरू राहिली पाहिजे. नळी अडली की मूत्राशय फुगणार आणि टाके तुटणार. जुनं भोक दुसऱ्यांदा शिवायला जागाच उरत नाही. आया कमलबाईला दर तासाला पाहायला सांगितलंय.

१७ फेब्रुवारी

कमलबाई कामचुकार आहे, दुपारी दोन तास गायबच. जाम झापलं. पण नळी साफ, तिची पिशवी रिकामी केलेली. तानुबाई म्हणाली, ती दुसरी बाई दुपारना रोज येस, बठ्ठं नीट करी जास.

रोज दुपारी येऊन सगळं नीट करून जाणारी दुसरी बाई कोण? आया एकच आहे.

खाटेजवळचं स्टूल ओलं होतं. पुसायला लावलं.

१९ फेब्रुवारी

स्टूल पुन्हा ओलं. पुसलेलं फडकं निळं आलं. निळ्या औषधाची बाटली माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. सहा तारखेनंतर एक थेंबही वापरलेला नाही.

तानुबाईला विचारलं, बोलते का ती. म्हणाली, बोलत नाही फार. काल फक्त नवऱ्याचं नाव घेतलं, झिपरू म्हणाली. तानुबाईला लाजच वाटली ऐकून, कुणी बाई असं सरळ नाव घेते का!

२० फेब्रुवारी

लोटन भेटायला आला. गावाकडची बातमी आणली. झिपरू परवा दुपारी गेला. काही आजार नव्हता. ओट्यावर बसल्या बसल्या.

२२ फेब्रुवारी

शालिग्रामला रजेवर जा म्हटलं. कारण काय सांगणार? तो हसला. तानुबाईने सकाळीच सांगितलं होतं की काल त्या बाईने ‘शालिग्राम’ असं नाव घेतलं, आणि मला विचारलं होतं, हा कोण शे?

तीन वाजता तो टेबलावर डोकं ठेवून बसलेला दिसला. झोपलाय असं वाटलं मला. खुर्चीखाली निळं पाणी.

कर्नलसाहेब म्हणतात, हृदयविकार. मी बाकीचं सांगितलं तर मलाच तपासणीला पाठवतील.

२३ फेब्रुवारी

तानुबाईला ती माझं नाव विचारतेय.

तानुबाईने सांगितलं, मेजरबाई. ती म्हणाली, ते नाव नव्हे.

सही मी केली होती. पण तिला वाचता येत नव्हतं, आणि माझं नाव तिच्यासमोर तेव्हा कुणी घेतलं नव्हतं. इथेही कुणाला ठाऊक नाही. पाटीवर फक्त एस. तरी पाटी उतरवली. माझं नाव लिहिलेलं मावशीचं पत्र जाळलं.

२५ फेब्रुवारी

बॅग भरली होती. फैजपूरची गाडी साडेअकराला. पण मी गेले की खाट रिकामी करतील, नळी काढतील, कर्नलने तसं बोलूनच दाखवलं. अकरा दिवसांचं सगळं पाण्यात. पोरगी पुन्हा गोणपाटावर. एक बाई मी अशीच घरी पाठवली आहे. दुसरी नाही पाठवणार.

बॅग सोडली.

२६ फेब्रुवारी

दुपारी स्वतः बसले. स्टूल रिकामं. मी पाहत असताना पिशवी आपोआप उचलली गेली, रिकामी झाली, पुन्हा अडकली. किती नीट — मलाही इतकं नीट जमत नाही.

मी माफी मागितली. मोठ्याने. कमलबाई दारातून पळाली.

२७

झोप नाही. माझ्या खुर्चीची गादी ओली. माझी साडी कोरडी आहे. तीनदा पाहिली.

उद्या चौदावा. फक्त उद्या —

२८ फेब्रुवारी, दुपार

नळी काढली. निळं औषध सोडलं. तीन बोळे. अर्धा तास चालवली तिला.

पांढरा. पांढरा. पांढरा!

तिन्ही! कोरडी ठणठणीत! लोटन रडला, मी रडले, कमलबाईसुद्धा. नऊ वर्षांपूर्वी याच्यासाठी तर शिकले होते मी. विचारा म्हणावं आता कर्नलला, उपयोग काय ते. तानुबाई पाया पडली, माझा हात धरला, म्हणाली, बाई, तुमनं नाव काय शे? मी हसत तिला जवळ घेतलं आणि सांगून टाकलं. सुनंदा. सुनंदा जीवराम चौधरी.

ती गेली. बसपर्यंत स्वतःच्या पायांनी, कोरड्या लुगड्यात.

आत्ता लक्षात येतंय. जाताना वळून म्हणाली होती की त्या बाईनेच विचारून ठेव म्हटलं होतं, ती दारामागे उभी होती —

वॉर्ड रिकामा आहे. स्टूल सरकलं. थेंब दारापासून माझ्या टेबलाकडे येतायत, निळे, एकेक. मी नवऱ्याचं नाव मागितलं होतं तुझ्याकडे, माझं नको, माझं नको घेऊस, ऐक, तिचं तर मी नीट केलं ना, बाई गं —

अगदी कानाशी. हळू. सु —