धाकट्याच्या वाट्याला काय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातली निवृत्त तपासणीप्रमुख, माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. त्यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा. मला कोणी भरीला घातलेले नाही. आजार उतरणीला लागलेला नाही, मी लागले आहे, म्हणून ही निरवानिरव वेळेवर करते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, मागच्या मोरीसह, मी माझ्या भाचेसुनेला देते. ही माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या मुलाची विधवा. भाचा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी माझ्याजवळ राहतात. घर मी आणि माझ्या यजमानांनी स्वतःच्या कमाईतून बांधले, त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. घर ठेवायचे की विकायचे, ते तिने ठरवावे. आत्याची आठवण म्हणून गळके छप्पर सांभाळत बसू नये.

२. बँकेतली सगळी शिल्लक तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते मुलीने ठरवायचे. उद्या भट्टीवर काम करीन म्हणाली तरी तिच्या आईने आडवे येऊ नये. फक्त तिथल्या साहेबाला कान आहेत की नुसते तोंड, एवढे आधी पाहून यावे.

३. माझ्या यजमानांचा निळ्या काचांचा चष्मा आणि लांब लोखंडी सळई भट्टीवरच्या कामगारांना द्यावी. कपाटात ठेवून हार घालू नये, वापरावी. यजमान भट्टीप्रमुख होते. मूलबाळ आम्हांला नव्हते, पण भट्टीवरची सगळी माणसे त्यांना दादा म्हणत. पाळीवर आले की ते प्रत्येकापाशी थांबून एकच विचारायचे, "काय बिघडलंय?" मी एकदा म्हटले, "अहो, सकाळी सकाळी असं अभद्र काय विचारता? सगळं ठीक ना, असं विचारावं." तर म्हणाले, "सगळं ठीक ना विचारलं की माणूस हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार बिचारा?"

एका पाळीला भट्टीवाल्याच्या हातून आच उतरली. साऱ्या मालात बुडबुडे. माझ्या तपासणीच्या टेबलावरून एकही बाटली पुढे गेली नाही. मालक स्वतः खाली आले. तो माणूस भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. यजमान पुढे झाले आणि म्हणाले, "आच माझ्या पाळीत उतरली. जबाबदार मी." त्यांची बढती तिथेच अडली. घरी आल्यावर मी चिडले. "दुसऱ्याचं पाप कशाला डोक्यावर घेतलंत?" ते म्हणाले, "त्याला मी झापलंय, कोपऱ्यात नेऊन. पण चारचौघांत त्याला तोंडघशी पाडलं असतं ना, तर पुढच्या वेळी तो लपवायला शिकला असता. आणि भट्टीवर लपवलेलं लपत नाही गं." लपवणाऱ्याची मात्र ते सालटी काढत. ते मऊ होते असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

४. कारखान्याचे जुने कार्यालयप्रमुख, मालकांच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवायचे म्हणून ज्यांना आम्ही टाळीसाहेब म्हणायचो, त्यांनी माझ्या अंत्यविधीला जरूर यावे, पण भाषण करू नये. यजमानांच्या वेळी केले ते पुरे झाले. सबंध भाषणात दादांचे हुद्द्याचे नाव चुकीचे घेतले.

५. आता माझा धाकटा भाऊ.

आई लवकर गेली. त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळे मी केले. हुशार पोर. यजमान आजारपणात गेले त्याच्या पुढच्याच वर्षी तो कारखान्याचा व्यवस्थापक झाला. मी पेढ्यांऐवजी साखर वाटली, घरात तेवढीच होती.

तो दुष्ट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण कारखान्यात अजून लोक त्याचा राक्षस करतात. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, तो पहिला हजर. कामगारांच्या मुलांची नावे त्याला पाठ. पण वाईट बातमी त्याला सोसत नसे. कोणी अडचण सांगायला गेले की तो दुखावल्यासारखा बघायचा. "तोंड पाडून माझ्या खोलीत येऊ नका," म्हणायचा. तरीही एकदोघांनी सांगितले, त्यांना गोदामात धाडले, शिक्षा म्हणून नाही, म्हणे "त्यांचा स्वभाव रडका आहे, तिथं रमतील." मग लोक शहाणे झाले. त्याच्या दाराशी आले की आधी हसू चढवायचे, मग आत जायचे. त्याला वाटे, कारखाना कसा आनंदात चालला आहे.

भाचा तेव्हा भट्टीवर पाळीप्रमुख होता, आतोबांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, हाताखाली तयार झालेला. भट्टीची भिंत आतून झिजत चालली होती, बाहेरून एका जागी लाल दिसू लागली होती. त्याने बापाला कार्यालयात सांगितले. बाप म्हणाला, मोठी मागणी पुरी होऊ दे, उगाच घबराट करू नकोस. मग त्याने घरी सांगितले. भाचेसून जेवायला वाढत होती, तिने ऐकले.

"बाबा, भिंत पातळ झालीय. भट्टी थंड करू द्या."

"घरी तरी सुखानं जेवू दे रे. उद्या काहीतरी चांगलं सांग."

त्यानंतर तो बोलला नाही. दुसऱ्या कोणी बोलायचा प्रश्नच नव्हता. त्याच आठवड्यात, भर दुपारी, भिंत फुटली आणि वितळलेली काच बाहेर आली. भाच्याने पाळीवरच्या सगळ्यांना बाहेर काढले. स्वतः निघाला नाही.

त्या दिवसापासून भावाचे एकच पालुपद: "मला कोणी सांगितलंच नाही." चौकशीत तेच, शेजारीपाजारी तेच, चितेपाशीसुद्धा तेच. मी भांडले नाही. बोलणे सोडले. ती माझी तऱ्हा.

तरीही आईवडिलांच्या घरातला माझा हिस्सा मी त्यालाच देते. त्या घरात आम्ही एका पांघरुणात निजलो आहोत. रागापायी ते पुसता येत नाही.

६. या सगळ्याची अंमलबजावणी भाचेसुनेने करावी.

७. पुरवणी. वरचे लिहून झाल्यावर मनात आले, मेल्यावर वाचून दाखवण्यापेक्षा जिवंतपणी वाचावे. वकीलबाई आणि घरचे डॉक्टर आले तेव्हा भावालाही बोलावले. तो खुर्ची ओढून बसला. किती म्हातारा झाला आहे! मी पहिल्यापासून वाचले. पाचव्या कलमापाशी थांबले, वाटले आता हा उठणार, आता म्हणणार तेच. तो उठला नाही. मी पाणी प्यायले आणि शेवटपर्यंत वाचले.

मग तो म्हणाला, "ताई, त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

वकीलबाई कागद चाळू लागल्या. म्हणाल्या, साक्षीदार कोण? एक डॉक्टर, दुसरे कोण? साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, एवढे पाहा.

"मी होतो साक्षीदार," भाऊ म्हणाला. "मला हिस्सा नको."

"अरे, आईचं घर आहे ते."

"असू दे. हे जे लिहिलंस ना, ते खरं आहे म्हणून कुणीतरी खाली सही करायला हवी. ती माझी असू दे."

म्हणून कलम पाचमधला माझा हिस्सा आता भाच्याच्या मुलीला जाईल.

भाचेसून इतका वेळ दारात उभी होती. सासऱ्याशी ती एवढ्या वर्षांत कामापुरतेही बोललेली नाही. तो तिच्याकडे वळला. "पोरी, तुला काय म्हणायचंय?"

"खूप आहे," ती म्हणाली.

"सांग."

ती आत आली आणि त्याच्यासमोर बसली. पुढे ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे, माझ्या मालमत्तेत मोडत नाही. तो ऐकत होता.

वरील सर्व मी समजून, वाचून आणि वाचून दाखवून सही करत आहे.

सही: तपासणीबाई (भट्टीदादांची पत्नी)

आमच्यासमोर सही झाली, आणि आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या:
साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, निवृत्त व्यवस्थापक

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ सप्टेंबर