एकच रिंग

५ सप्टेंबर २००४
पोचले एकदाची माद्रिदला! तेरुएलहून बसमध्ये बसून पाय सुजले, पण खोली कसली मस्त मिळालीये! बाल्कनीत जिरेनियमच्या कुंड्या, खिडकीतून थेट रेल्वेचे रूळ. घरमालकीण दोन्या एन्कार्ना. 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हटलं की चिडतात. एवढी काही म्हातारी झाले नाहीये, म्हणाल्या. मला बघून पहिला प्रश्न, तेरुएलला जेवण बंद झालंय का गं? मग चोरिसो सॉसेज घालून शिजवलेले मसूर दोनदा वाढले, नको नको म्हणत असताना.

अट एकच. रोज कामावर पोचले की त्यांच्या घरच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, कट. म्हणजे नेरेया पोचली. हे तर आपण सगळेच करतो, फुकटात काम होतं! आणि मिस्ड कॉल उचलणारा म्हणजे महामूर्ख, समोरच्याच्या पैशांवर टपलेला. मी म्हटलं, चालेल.

७ सप्टेंबर
माझी नोकरी बटणांच्या दुकानात! आतोचा स्टेशनपासून जवळच. छतापर्यंत छोटे छोटे खण, प्रत्येक खणावर आतलं एक बटण चिकटवलेलं. मला तर वेडच लागलं. मिस्ड कॉल देताना मालकांनी, रोसेन्दोंनी, पकडलं. बॉयफ्रेंड का, म्हणून चिडवलं. घरमालकीण म्हटल्यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

ट्रेनमध्ये समोर एक मुलगी बसते. एवढ्या उकाड्यात जाड कोट! सगळी बटणं काळी आणि मधलंच एक लाल. कालपण होती. आतोचाच्या अलीकडे गाडी वळते ना, तिथे ती फोन लावते, ऐकते, ठेवून देते. आज मी विचारलंच. घरी कोणी उचलत नाही, म्हणाली.

१५ सप्टेंबर
जिन्यात शेजारच्या विसीने गाठलं. तुला कोणी सांगितलंच नाही का, म्हणाली. मार्चमध्ये गाड्यांमध्ये बॅगांत बॉम्ब ठेवले होते, त्यात एन्कार्नांची मुलगी गेली. माइते. खिडकीतले ते रूळ आता बघवत नाहीत. मिस्ड कॉल कशासाठी, तेही कळलं. आज अगदी मनापासून दिला.

संध्याकाळी एन्कार्ना म्हणाल्या, एवढी उधळी कधीपासून झालीस? रोज दोन-दोनदा कशाला, एक पुरे की.

मी एकदाच देते.

२२ सप्टेंबर
ताप आलाय म्हणून घरीच. एन्कार्ना लसणाचं सूप घेऊन आल्या, तेवढ्यात बाहेर फोन वाजला. एकदाच. पोचली, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मी इथे आहे. तू नाही गं, म्हणाल्या.

मग पलंगावर बसून सगळं सांगितलं. त्या दिवशीही असाच एकदा वाजला होता. पोचली म्हणून त्यांनी निवांत कॉफी केली, कुंड्यांना पाणी घातलं. टीव्ही लावला तो नंतर. लोक म्हणतात, गाडी आतोचाला पोचलीच नव्हती. मग फोन कसा आला? पोचल्याशिवाय माइते मिस्ड कॉल देतच नसे. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं, पोचली होती ना गं?

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण तो मिस्ड कॉल नव्हता. ती खरंच फोन करत होती. एक रिंग झाली आणि—

२४ सप्टेंबर
आज एन्कार्ना आपणहून हसत सांगत होत्या. माइतेच्या कोटाचं बटण तुटलं, घरात काळं सापडेना, म्हणून त्यांनी लाल लावलं. मला विदूषक केलंस, म्हणत मार्चमधल्या त्या सकाळी ती त्याच कोटात फणफणत गेली. रोसेन्दोंकडे मिळेल का गं तसं काळं, विचारत होत्या.

ते लाल बटण मी रोज ट्रेनमध्ये बघते.

२७ सप्टेंबर
मुद्दाम उशिरा निघाले. फोनजवळ उभी राहिले. वाजला. मी हात घातला— एन्कार्नांनी मनगट धरलं. केवढी ताकद! मिस्ड कॉल उचलायचा नसतो, तिचे पैसे जातात ना. हे बोलताना हसत होत्या.

आज सांगणार होते. पोचली नव्हती ती, तुम्ही उचला, ती वाट बघतेय— नाही सांगितलं.

उद्या नक्की.

२८ सप्टेंबर
नाही जमलं. डबा बदलला. तरी समोर तीच.

२९ सप्टेंबर, ट्रेनमध्ये
गाडी थांबलीये. त्याच वळणावर. दिवे गेलेत. कोणी मानसुद्धा वर करत नाही.

आज ती समोर नाही. शेजारी बसलीये.

सीटखाली बॅग आहे. कोणाची, म्हणून मी ओरडून विचारलं. कोणीच—

माझा नाही उचलत, म्हणाली. तू लावून बघ.

लावलाय. वाजला—

एन्कार्नांना वाटेल, पोचली. पाणी घालतील कुंड्यांना—

एन्कार्ना, उचला. मी नाही पोचले. उच