आत्याच्या मुलाला पाडायचं कसं

ऑकलंड,
९ मे

ती. मेलेनाइते आत्यास,
फेलेतीचा सा. न. वि. वि.

आणि मी नोकऱ्या उडवत फिरतो हे तुझं म्हणणं मला याही वेळी मान्य नाही. बर्फघरातली सोडली कारण बोटं गळून पडायची वेळ आली होती. रंगाऱ्याकडची मी सोडली नाही, त्यानंच मला सोडलं. आता मांसाच्या कारखान्यात मेंढ्या सोलतो आणि थंडी संपेपर्यंत तरी इथून हलत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू बाबांना म्हणालीस, ते त्यांनी मला शब्दाला शब्द कळवलंय. शाळेत मी फळ्याकडे पाठ करून बसायचो हेही कळवलंय. तेवढं खरं आहे.

पण मला काहीच येत नाही, असं नाही. कारखान्याच्या टीमकडून मी रग्बी लीग खेळतो. आता इथल्या आपल्या चर्चमध्ये जाहीर झालंय की टोंगाची लीगची राष्ट्रीय टीम उभी करायची. तिकडे बेटांवर सगळे पंधरा जणांची रग्बी खेळतात, तेरा जणांच्या या खेळाला कुणी विचारत नाही. म्हणून इथल्या आणि सिडनीतल्या पोरांतूनच निवड आहे. आजा-आजीपैकी एक जण टोंगाचा असला की पुरे. ऑक्टोबरात सामोआशी सामना आहे.

पहिलं शिबीर झालं. कोच कालोलोंनी एकेकाला उभं करून गाव विचारलं. निम्मी पोरं वळून रेषेबाहेर बसलेल्या आपापल्या आजीला हाका मारायला लागली. एकानं तर ऑकलंडमधल्याच गल्लीचं नाव सांगितलं. त्यांना आपल्या भाषेत आभाराचं 'मालो' एवढंच येतं, तेही जेवताना.

मग सिडनीहून आलेला एक जण उठला. नीरफणसाच्या झाडाएवढा. त्यालाही तेरा नंबरची जर्सीच हवी होती, म्हणजे नेमकी माझीच. तेरा नंबरवाल्यानं मधोमध उभं राहायचं आणि येईल त्याला पाडायचं. मला तेवढं एकच नीट येतं. तो म्हणाला, नाव जिमी, खरं नाव सेमिसी, आई फोआ बेटावर असते, तिचं नाव मेलेनाइते.

आत्या, मी चिखलात बसलोच.

तीन वर्षांचा असताना तू त्याला त्याच्या बापाबरोबर सिडनीला धाडलंस, आजी अंथरुणावर म्हणून मागं राहिलीस, आणि बापानं तिकडे दुसरं घर केलं, एवढंच मला ठाऊक होतं. तो असा समोर येईल असं वाटलं नव्हतं. आता तूच सांग. आपल्या रीतीनं आत्याचा मुलगा मानानं माझ्यावरचा. माझं काहीही तो हक्कानं नेऊ शकतो, आणि मी त्याच्या अंगावर हात टाकायचा नाही. डोक्याला तर शिवायचंही नाही. आणि कोच म्हणतात, तेरा नंबर एकच आहे, पुढच्या शिबिरात तुम्ही दोघं समोरासमोर.

माझ्यावरचा जीव या पत्रानं पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
फेलेती


फोआ,
३० मे

चि. फेलेतीस मेलेनाइते आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धक्क्यावरच फोडलं, उभ्यानं वाचलं आणि मग तिथंच पोत्यावर बसून पुन्हा वाचलं. बोटवाल्यानं विचारलं की कुणी गेलं का. मी म्हटलं, गेलेला सापडलाय.

तुझी अक्षरं कोंबड्याच्या पायाची आहेत, पण आज तुला काही बोलत नाही. एवढं सांग, तो हसतो कसा? डाव्या गालानं आधी हसतो का, माझ्या वडिलांसारखा? जेवतो का पोटभर? मी पत्रं घातली, उत्तर आलं नाही. आता कळतंय की आपल्या भाषेतली पत्रं त्याला वाचताच येत नसतील. मी इतकी वर्षं उगाच त्याच्या बापाला बोल लावले. थोडे लावले ते ठीकच होते.

ऐक. त्याला अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध घालून लू करून घाल. करपवू नकोस. तो मागेल ते दे, नाही मागितलं तरी दे. त्याला कुणी रीत शिकवली नसली तरी तुला शिकवली आहे. त्याचा मान राख. खेळाचं मला कळत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. बाबा नव्या होडीला रंग देताहेत आणि रंगापेक्षा गप्पाच जास्त लावताहेत.

स्वतःला आणि त्याला, दोघांनाही सांभाळ.

तुझी आत्या


ऑकलंड,
२७ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हो, डाव्या गालानं आधी.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, तुझे बूट छान आहेत. मी काढून दिले. तो बूट हातात धरून बघत राहिला, कारण ते त्याच्या पायाला निम्मेही होत नाहीत. परत देऊ लागला तर मी घेईना. मग मी अनवाणी सराव केला आणि त्यानं सगळ्यांना विचारलं की हा जरा सरकलेला आहे का. लू खाल्ला. माझ्या वाटणीचाही खाल्ला, तो मीच त्याच्याकडे सरकवला होता. त्याला आपली भाषा येत नाही, माझी इंग्रजी म्हणजे मेंढ्यांशी बोलायची, त्यामुळे समजावणार कोण?

आता खरं लिहितो. समोरासमोरच्या सरावात तो चेंडू घेऊन माझ्यावर आला आणि माझे हात मिटलेच नाहीत. मी वाकतो, खांदा लावायला जातो आणि शेवटच्या क्षणी तू डोळ्यांसमोर उभी राहतेस. तो दर वेळी सरळ निघून गेला. कोच म्हणाले की मी माणूस मागितला होता, मला उघडं फाटक मिळालं. कारखान्यातली पोरं सांगायला गेली की हा एरवी बैलालाही पाडतो, पण कोचनी डोळ्यांनी जे बघितलं ते बघितलं. माझं नाव खाली गेलंय. ऑगस्टात शेवटची चाचणी आहे, तिला यायचं तर ये म्हणाले, ते असं की नाही आलास तरी चालेल.

त्यामुळे काही मनाला लावून घेऊ नकोस. पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीवर माणसं घेताहेत, मी जायचं म्हणतोय. तेरा नंबर तुझ्या मुलाला मिळेल. म्हणजे घरातच राहिला की.

रागावणार असलीस तरी उत्तर पाठव.

तुझा,
फेलेती


फोआ,
१६ जुलै

चि. फेलेतीस आशीर्वाद, पण या खेपेला मोजून मापून.

मान राख म्हणाले होते मी, आणि तू त्याला वाट करून दिलीस. याला मान म्हणतात? माझा मुलगा चांगला खेळतो की तुझ्या मेहेरबानीनं चांगला दिसतो, हे त्याला कळायला नको? मला कळायला नको? उद्या सामोआची माणसं त्याला वाट करून देणार आहेत का? त्यांची आत्या मी नाही.

आता नीट वाच. सेमिसी तुझ्यावरचा, बरोबर. आणि सेमिसीच्या वर कोण? तुझ्या बापाची थोरली बहीण, ती मी. तुझं नाव मी ठेवलं, त्याला जन्म मी दिला. तुमच्या दोघांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, त्यावर पास्टरही बोलत नाहीत. तेव्हा हा माझा हुकूम. खेळाच्या आखलेल्या रेषांच्या आत त्याचा मान मी काढून घेतला आहे. तिथं त्याला आडवा पाड. चांगला पाड. रेषेबाहेर आला की रीत पुन्हा चालू, मग त्याला पाणी नेऊन दे.

डोक्याला मात्र शिवायचं नाही. मी पास्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की मानेच्या वर हात टाकणं खेळाच्या नियमातही बसत नाही. म्हणजे नियम करणाऱ्याच्या घरीही कुणी आत्या असणार.

आणि खाणीवर गेलास तर मला पत्र घालू नकोस. तू सगळं सोडलंस तेव्हा मी हसले, कारण त्यातलं काही तुझं नव्हतं. ही जर्सी तुझी आहे असं तू स्वतः लिहिलंयस. नेमकी माझीच, हे तुझेच शब्द. ती सोडलीस तर मी हसणार नाही.

हुकूम पाळल्याचं कळव, मग जीव लावायचं बघू.

आत्या


ऑकलंड,
१४ ऑगस्ट

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

हुकूम पाळला.

तुझं पत्र मोज्यात घालून मैदानात उतरलो. सेमिसी नेहमीसारखा सरळ माझ्यावर आला, हसतच, कारण फाटक उघडंच असणार. मी खाली गेलो, खांदा त्याच्या बरगडीखाली लावला आणि उचलून टाकला. आवाज असा झाला की रेषेबाहेरच्या आज्या उठून उभ्या राहिल्या. तो उताणा, केसांत गवत.

आणि मग माझ्याकडून घोटाळा झाला. तो पडला तसा मी त्याच्यापुढे मांडी घालून, मान खाली करून बसलो आणि माफी मागायला लागलो. खेळ चालूच होता. चेंडू माझ्या कानाशेजारून गेला, समोरच्या पोरांनी आमच्या रेषेपलीकडे जाऊन टेकवलाही. कोच कालोलो मैदानात धावत आले, मला म्हणाले की हे काय देवळात आलायस का. पण ते आपल्याच तिकडचे. माझं बसणं बघितलं आणि त्यांच्या डोक्यात सगळं उजाडलं. कपाळावर हात मारून त्यांनी सेमिसीला इंग्रजीत समजावलं, आईचा भाऊ, आत्याचा मुलगा, बूट, लू, सगळं.

तो आधी हसला आणि मग भडकलाच. म्हणाला की इतके दिवस मला वाटत होतं मला कुणी अडवूच शकत नाही, सिडनीत मित्रांना सांगूनही बसलो, आणि हा मला ताटातला तुकडा वाढावा तसा रस्ता वाढत होता. म्हणाला, पुन्हा काही दिलंस तर फक्त मार दे. मग मला तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं. कोचनी वाक्यावाक्याला सांगितलं. रेषांच्या आत मान काढून घेतलाय हे त्यानं कोचना दोनदा सांगायला लावलं. त्यानं विचारलं, आई अशीच बोलते का. मी म्हटलं, आज तर गोड बोलली आहे.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो माझ्यावर येत राहिला आणि मी पाडत राहिलो. दोनदा त्यानंही मला पाडलं, ते मी दिलेलं नव्हतं, खरोखरचं होतं. अजून डावीकडे वळून झोपता येत नाही.

यादी लागली. तेरा नंबर फेलेती. अकरा नंबर सेमिसी, माझ्या खांद्याला खांदा लावून. बूट परत मिळाले.

आता जीव लावायला हरकत नसावी.

तुझा हुकुमाचा ताबेदार,
फेलेती


फोआ,
११ ऑक्टोबर

चि. फेलेती आणि चि. सेमिसी, दोघांस पोटभर आशीर्वाद.

पत्र दोघांना आहे. त्याला कोच वाचून दाखवतील.

रेडिओवर सामना ऐकायला पास्टरांच्या ओट्यावर सगळं गाव जमलं होतं. आम्ही बायका आतल्या बाजूला कापडासाठी झाडाची साल कुटत होतो, पण मोगऱ्या कुणाच्या चालतात. तुम्ही सुरुवातीचं युद्धनृत्य केलंत तेव्हा रेडिओतून पोरांचा आवाज आला आणि सगळे म्हणाले की अरे, यांना तर सगळे शब्द येतात. तुझ्या बाबांनी इथून उत्तर दिलं, मग त्यांना खोकला लागला.

मध्यंतराला सामोआ पुढे होतं. तेव्हा ओट्यावर जे काही बोललं गेलं ते मी लिहिणार नाही, पास्टर पत्र वाचतात. मग तुम्ही दोन गुणांनी पुढे गेलात आणि शेवटी सामोआची माणसं तुमच्या रेषेवर येऊन ठेपली. बाबा समजावत होते की सहा वेळा पाडलं की चेंडू आपला. रेडिओ खरखरायला लागला तसा मी तो पास्टरांच्या हातातून ओढून कानाला लावला. हक्क होता की नव्हता ठाऊक नाही, कुणी अडवलं नाही. निवेदक म्हणत होता, फेलेती. पुन्हा फेलेती. मग सेमिसी. मग म्हणाला की सगळ्यात मोठा गडी पळत आलाय, आणि त्याला दोघांनी मिळून पाडलं, एकानं पायाकडून, एकानं बरगडीकडून, चेंडू सुटला, शेवटची शिट्टी झाली.

मी रेडिओ कानाला लावून तशीच चर्चच्या आवारात गेले. मागून सगळं गाव ओरडत येत होतं, कारण रेडिओ माझ्याकडे होता. रात्री भट्टीत डुकराचं पिल्लू लावलं आणि पहिला, मानाचा वाटा माझ्यापुढे आला. दर वेळी येतोच. पण आज वाढणाऱ्यानं दोन पानं ठेवली, म्हणाला, तुमच्या दोन पोरांची. मी दोन्ही खाल्ली.

बरगडीकडून कोण होतं ते कळवा.

तुमच्या दोघांची,
आई आणि आत्या


ऑकलंड,
३० ऑक्टोबर

ती. आत्यास,
फेलेतीचा सा. न. वि. वि., आणि सेमिसीचाही. तो शेजारी बसून मी काय लिहितो ते बघतोय, जसं काही वाचताच येतं.

बरगडीकडून तो होता. पायाकडून मी. शिट्टी झाल्यावर त्यानं मला खांद्यावर घेतलं, तेव्हा माझा हात चुकून त्याच्या डोक्यावर टेकला. मी चटकन काढला. त्यानं तो धरून परत ठेवला. म्हणाला, अजून रेषेच्या आत आहोत.

रस्त्यांवर रात्रभर लाल झेंडे आणि गाड्यांचे भोंगे होते. गल्लीचं नाव सांगणारा तो पोरगा जर्सी घालूनच झोपला. आता त्याला गाव विचारलं तर आजीच्या गावाचं नाव ओट्यावरच्या म्हाताऱ्यासारखं लांबवून सांगतो.

पण त्या हुकमाच्या पत्रातून तू मुलाला रीत शिकवायला नको होतंस. तो सिडनीला परत न जाता माझ्याच खोलीवर राहिलाय आणि हक्काचं त्याला सगळं पटापट समजतंय. माझी उशी त्याची. कोंबडीची तंगडी त्याची. काल माझं घोंगडं ओढलं आणि वर तुझं नाव सांगितलं. आपल्या भाषेत त्याला आता पुष्कळ शब्द येतात, पण सगळे 'दे' या अर्थाचे.

नाताळात आम्ही दोघं बोटीनं येतोय. तुला म्हणायला त्यानं एक वाक्य पाठ केलंय, रोज आंघोळ करताना घोकतो. ते मी सांगणार नाही, सांगायला मना आहे. कारखान्यात मी रजा मागितली, नोकरी सोडली नाही. फोरमन म्हणाला, तेरा नंबरला रजा आहे.

थोरल्यांना नमस्कार, आईच्या गुडघ्याला तेल लावायला सांग, आणि आम्ही येईपर्यंत आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
फेलेती

ता. क. सामन्याचं मानधन मिळालं. सेमिसीनं माझं हक्कानं मागून घेतलं, मी दिलं. मग त्यात त्यानं स्वतःचं घातलं आणि म्हणाला की आपल्या दोघांच्याही वर जी आहे तिचं हे. शिवाय माझ्या खिशातून आणखी चाळीस काढले, तेही हक्कानंच. तेव्हा माझे दीडशे, त्याचे दीडशे आणि ते चाळीस, असे तीनशे चाळीस डॉलर पाठवत आहोत.