बिनउंबरठ्याचं घर

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
मे १९९७

माझ्या पत्राचं उत्तर जागृतीच्या अक्षरात आलं, तेव्हा आधी मला वाटलं, तुमचा उजवा हात मोडला की काय. मग पुढे वाचलं की तुम्ही रोज सकाळी पाण्याच्या बादल्या गच्चीवर नेता. म्हणजे हात शाबूत आहे, फक्त माझ्यासाठी उचलत नाही. लेकीला समोर बसवून मजकूर सांगायचा आणि आपण कूलरपुढे पाय पसरायचे, ही साहेबी कुठल्या डेपोत शिकलात? बरं, मजकूर तरी काय, तर नळ कधी येतो, लोणच्याला बुरशी कशी आली आणि त्र्यंबकच्या घरी कोण पाहुणे आलेत. मी जे विचारलं होतं (अमेरिकेला येता की नाही) त्यावर एक अक्षर नाही.

असो. विवेकच्या बाबांना गिरजेचा जयभीम. तब्येत कशी आहे? क्लचचा गुडघा काय म्हणतो? (जन्मभर एसटी चालवली तुम्ही, आणि कण्हणं ऐकलं मी.) कूलरला नवी खस लावली का, की मागच्या वर्षीचीच धुऊन लावली? गोळी जेवणाआधी घ्यायची आहे, नंतर नाही. इकडे सगळे ठीक आहेत. विवेक बारीक झालाय, हर्षिता नाही. सावनीशी मी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, तरी आमचं भांडण व्यवस्थित होतं, म्हणजे नात पक्की आपल्याच घरातली.

आता तुमच्या त्या शपथेचं. हर्षिताचा व्हिसा संपत होता म्हणून दोघांनी इथल्या कोर्टात सह्या करून लग्न केलं आणि मग कळवलं. चुकलंच त्यांचं, मी नाही म्हणत नाही. तुम्ही विहारात लग्न, डेपोतले सगळे ड्रायव्हर आणि वरातीला फुलं लावलेली एसटी असं सगळं मनात सजवून बसला होतात. (ते आम्हालाही सांगितलं नव्हतं, त्याला कसं कळणार?) फोनवर जे ओरडलात, ‘तुझ्या घराचा उंबरठा मरेपर्यंत ओलांडणार नाही,’ ते बूथवाल्या उल्हासनंच नाही, रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानंही ऐकलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. त्याचा फोन आला की तुम्हाला नेमकं झाडांना पाणी घालायचं असतं. म्हणून मी एकटी, हातात लोणच्याची बरणी धरून, विमानात बसून आले.

तर झालं काय, की विवेकनं एक ट्रेलर विकत घेतलाय. ट्रेलर म्हणजे पांढरं पत्र्याचं खोकं, चाकं लावलेलं. आत पलंग आहे, गॅस आहे, बेसिन आहे, हागायचीसुद्धा सोय आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली लावतात तसं हे गाडीला लावायचं आणि गावोगाव न्यायचं. इथले म्हातारा-म्हातारी नोकरी संपली की राहतं घर बंद करून यात फिरत बसतात. (आपण असं केलं असतं तर लोकांनी पोरांच्या नावानं बोटं मोडली असती.) आधीच्या मालकाकडे कुत्री होती. मी डेटॉलनं तीनदा पुसलं, तरी पाऊस पडला की आत कुत्रं येतं, नुसत्या वासानं. मी विवेकला विचारलं, काहून घेतलं हे? घर काय कमी पडतं? तर म्हणाला, ‘कॅम्पिंगला जाऊ, आई,’ आणि दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे बघून बोलायची सवय कुणाची, ते मी लिहायला नको.

ओढायला त्यानं अमितचा पिकप ट्रक आणला. (अमित म्हणजे त्याच्या ऑफिसातला, दर शनिवारी आमच्याकडे जेवतो आणि डबाही नेतो.) ट्रकच्या मागे बुंदीच्या लाडवाएवढा लोखंडी गोळा असतो. त्यावर ट्रेलरचं तोंड नेमकं बसवायचं आणि वरून दोन साखळ्या लावायच्या. लाडू तोंडात जायलाच अख्खी सकाळ गेली. पुढे न्यायचं सोपं आहे, गुपचूप मागून येतं. पण मागे घ्यायला लागलं की त्याच्या अंगात येतं. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ते उजवीकडे पळतं, आणि जास्त फिरवलं की मधून कोपरासारखं वाकतं. (मिशीला पीळ देऊ नका. तुमच्या एसटीला कंबर नव्हती. तुम्हालाही जमलं नसतं.)

विवेक चालवत होता आणि हर्षिता मागे उभी राहून सांगत होती. ‘लेफ्ट, लेफ्ट!’ ‘कुणाचं लेफ्ट?’ ‘अरे यार विवेक, तुझं!’ ‘माझं की ट्रेलरचं?’ सावनी खिडकीतून ओरडायची, ‘डॅडी, स्टॉप!’ त्या एकटीचंच बरोबर होतं. शेवटी मी पदर खोचला आणि हर्षिताला म्हटलं, हो बाजूला. मागे गेले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. विवेकनं मुकाट्यानं गाडी मागे घेतली. एक थाप मारली, जागच्या जागी थांबला. दोन म्हणजे जा, एक म्हणजे थांब. कुणी शिकवायला नको. लहानपणी सुट्टीत तुमच्या बसमध्ये बॉनेटवर बसून हेच ऐकत मोठा झालाय तो. तीन खेपांत ट्रेलर घरापुढच्या जागेत शिरला. मला वाटलं, मी अमेरिका जिंकली.

मग हर्षिता म्हणाली, मलाही चालवायचंय. ट्रेलर परत रस्त्यावर काढला आणि बसली ती स्टेअरिंगवर, विवेक शेजारी. दोन थापांवर आली मागे, छान आली, खरं सांगायचं तर विवेकपेक्षा सरळ आली. (हे त्याला सांगितलं नाही.) शेजारच्या म्हाताऱ्याची टपालपेटी इथे रस्त्याच्या कडेला खांबावर असते. ती जवळ आली तशी मी एक थाप मारली. पण तिला एका थापेचा अर्थ कुणी सांगितला होता? तिचे वडील कॉलेजात शिकवतात, बस नाही चालवत. तिला वाटलं सासूबाई म्हणतात, अजून थोडं. मी घाबरले आणि धडाधड चार थापा मारल्या. चार म्हणजे डबल बेलवर डबल बेल! आतून तुमचा चिरंजीव सवयीनं ओरडला, ‘जाऊ दे, जाऊ दे!’ आणि तिनं जाऊ दिली.

खांब आडवा झाला. म्हातारा बाहेर आला. त्यानं खांब बघितला, ट्रेलर बघितला, मला बघितलं (लुगडं आणि पायात विवेकचे बूट), आणि आत गेला. मी म्हटलं, गेला पोलीस बोलवायला. तर सरबताचे ग्लास घेऊन आला. पुढच्या रविवारी विवेकनं त्याचा खांब नवा पुरून दिला. मी त्याला अधूनमधून झुणका-भाकर नेऊन देते. घाम पुसत खातो, पण ताट चाटून परत करतो.

त्या दिवशी म्हातारा गेल्यावर विवेक ट्रेलरच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. पोट धरून हसला. म्हणाला, ‘बाबा इथे असते ना आई, तर बस तिथेच सोडून खाली उतरले असते आणि कंडक्टरला…’ मग डोळे पुसले. धूळ गेली असेल. इथे धूळ नसते, पण असेल.

रात्रीची भांडी घासताना हर्षितानं सांगितलं. म्हणाली, ‘आई, कॅम्पिंग वगैरे काही नाही. बाबा घराचा उंबरठा ओलांडणार नाहीत म्हणाले ना, मग विवेक म्हणाला, त्यांना घरच वेगळं आणू. चाकांवरचं. ते त्यात राहतील, आपण त्यांना घेऊन फिरू, शपथही मोडणार नाही. तुम्ही सांगू नका हं त्यांना.’ (म्हणून लगेच तुम्हाला लिहितेय.) मग मला कळलं, तो मला मध्येच तुमची उंची का विचारायचा. तुमचा डावा पाय सरळ पसरता यावा म्हणून पलंगाच्या पायथ्याचं कपाट त्यानं कापून काढलंय. एक दिवस स्वतः त्यावर आडवा झाला, डावा पाय उशीवर ठेवला आणि मला म्हणाला, ‘असाच ठेवतात ना अजून?’ मी म्हटलं, मला काय विचारतोस, फोन कर. नाही केला. भितो तुम्हाला. चांगला बाप्या झाला, तरी भितो.

आता त्यानं ट्रेलरच्या मागच्या टोकापासून ट्रकपर्यंत दोरी ओढून पुढे घंटा बांधली आहे, आपल्या बसला असायची तशी. एक आणि दोन, हर्षितालाही पाठ झालंय. दोरी ओढायला मी आहे, पण माझा हात वर पोचत नाही. तेव्हा एक गोष्ट आताच डोक्यात घालून घ्या. इथे ड्रायव्हर हर्षिता आहे. तुम्ही कंडक्टर. जमत असेल तर या.

जेवण वेळेवर करा. आठवण येते का वगैरे मी विचारत नाही.

गिरजा

ता. क. पासपोर्ट तुम्ही रागानं भिरकावला होता तो लोखंडी कपाटात माझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीत आहे. लुगडं विस्कटू नका. गोधडी आणू नका, अडकित्ता आणा.

ता. क. दुसरा. ट्रेलरच्या मोरीत तुम्ही मावणार नाही. आंघोळीला घरातच यावं लागेल. त्याची काळजी करू नका. मी विवेकच्या घराची पुढची आणि मागची, दोन्ही दारं हात फिरवून बघितली. उंबरठा नाहीच. पुढे एक चपटी पट्टी आहे आणि मागे काचेचं सरकतं दार. ओलांडायला काही ठेवलंच नाही या लोकांनी. म्हणजे तुमची शपथ पहिल्यापासून फुकट गेली आणि ट्रेलरही. पण हे विवेकला कळू देऊ नका. मागे घ्यायला नुकता शिकलाय पोरगा.

ता. क. तिसरा. या पत्राला उत्तर जागृतीनं लिहायचं नाही, तुम्ही लिहायचं, आणि पाकिटावर नाव माझं नाही, विवेकचं घालायचं. काय लिहावं सुचलं नाही तर एवढंच विचारा, ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग कुणीकडे फिरवतोस? तो चार पानं लिहील. पण आधी तुम्ही.