उकळत्या पाण्यात धुतलेला स्वेटर

अण्णा, आज सकाळी मी गच्चीवर तीन बादल्या लोकर धुतली. थंड पाण्यात, न चोळता, न पिळता, तुम्ही शिकवलं होतं तशीच. चौथ्यांदा पाणी बदललं तरी काळपट घाण निघत होती, आणि मेंढरांचा वास जिना उतरून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत पोचला. नाकाला रुमाल लावून तो वर आला आणि म्हणाला, "मॅडम, काय मेलंय का इकडे?" मी म्हटलं, "अजून नाही." तो खाली गेला. हा तिरसटपणा तुमचा. मी आईवर गेलेय असं सगळे म्हणतात, पण त्यांनी मला चिडलेलं पाहिलेलं नाही.

तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. तुमच्या चुलत्याची नातवंडं अजून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, पनवेलच्या पलीकडे त्यांचा तळ पडतो. लोकर मात्र आता कुणी विचारत नाही. कातरतात आणि तिथंच बांधावर टाकून देतात. मी पोती भरून आणते, धुते, पिंजते, सूत काढते आणि विणते. कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठी कानटोप्या, हातमोजे, बंड्या. दुकानातली मऊ लोकर त्या गारठ्यात टिकत नाही. आपली बोचते, पण ऊब धरते. हे वाक्यही तुमचंच. तुमची पुष्कळ वाक्यं माझ्या तोंडात राहून गेलीत आणि त्याचा मला संताप येतो.

तुम्ही माथाडी होतात. तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर सफरचंदाच्या पेट्या वाहायच्या आणि कोपरखैरण्याला आपल्या एका खोलीत आलं की दाराशी बसून विणायचं. सूत काढायला तुम्ही लहानपणी माणदेशात मेंढरांमागं चालता चालता शिकलात. विणायला कुणी शिकवलं ते कधी सांगितलं नाहीत. सुया म्हणजे मोडक्या छत्रीच्या काड्या, दगडावर घासून टोक आणलेल्या. गडीमाणूस बायकांचं काम करतो म्हणून गल्लीतला एकजण हसला, तेव्हा तुम्ही शांतपणे विणकाम खाली ठेवलंत, त्याचं डोकं विजेच्या खांबावर दोनदा आपटलंत, आणि परत येऊन सोडला होता त्याच टाक्यापासून पुढं विणायला लागलात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि तुमच्या हाताकडंच बघत होते.

पुढच्या वर्षी मला समोर बसवलंत. सुलट, उलट, सुलट. टाका सुटला की काडी बोटांच्या सांध्यांवर बसते. चुकून लोकर ओलांडली की पाठीवर. एकदा मी मागं झालेली चूक दडवून तशीच वीसेक ओळी विणत जाते आणि तुम्हाला ती कळते. तुम्ही माझा हात फरशीवर दाबून धरता, काडी उगारता, आणि ती आडवी न बसता टोकानं तळव्यात घुसते. रक्त विणकामावर गळायला लागतं. तुम्ही आधी विणकाम उचलून बाजूला ठेवता. मग चिमूटभर लोकर जाळून तिची राख जखमेत भरता, हळू फुंकर घालता आणि म्हणता, "उद्यापत्तुर बरं हुईल." त्या काडीपेक्षा ती फुंकर मला जास्त आठवते, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मी तेरा वर्षांची असताना तुम्ही स्वतःसाठी स्वेटर विणलात. कंपनीचा कोट फाटला होता, नवा देत नव्हते, आणि आत पेट्यांवर बर्फ धरलेला असायचा. चार महिने खपून केलेला तो काळा, जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर एके दिवशी वाया गेला, आणि तुम्ही त्यासाठी आईचा हात मोडलात. अण्णा, तो स्वेटर आईनं धुतला नव्हता. मी धुतला होता. आई धुण्याभांड्याच्या कामाला गेली होती, तुमची सुट्टी होती म्हणून तुम्ही मेंढरांच्या तळावर गेला होतात. मी स्टोव्हवर पाणी उकळलं, त्यात कपडे धुवायची पावडर टाकली आणि स्वेटर बुडवून काठीनं घुसळला. बाहेर काढला तेव्हा तो दोन वर्षांच्या पोराला बसला असता, आणि पुठ्ठ्यासारखा आपला आपण उभा राहत होता.

आई कामावरून आली, दोरीवर तो बघितला आणि स्टोव्ह पेटवायला बसली. मागोमाग तुम्ही आलात. "बुरणूस केलंस माज्या सुटराचं!" एवढंच तुम्ही ओरडलात. लोकर गरम पाण्यात तुडवून जाड बुरणूस करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. केसांना धरून तुम्ही आईला उठवलंत. तोच स्वेटर तिच्या तोंडावर मारत राहिलात, ओठ फुटला, मग भिंत, मग पुन्हा स्वेटर. तिनं अडवायला हात वर केला, तो धरून तुम्ही मागं पिरगळलात. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मी गणिताची वही उघडून बसले होते. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. शेजारच्या काकू दार वाजवत होत्या, "अहो, बाई मरंल ना ती!" दवाखान्यात आईनं सांगितलं, मोरीत पाय घसरला.

तो हात वाकडाच जुळला. आई अजून डाव्या हातानं जेवते. इतकी वर्षं मी हेच धरून चालले की तिनं मला पाठीशी घातलं, आणि त्या ओझ्याखाली मी तिचं सगळं केलं. गेल्या आठवड्यात लोकर पिंजता पिंजता मी तिला एकदाचं सांगून टाकलं.

"आई, तो स्वेटर मी धुतला होता."

"ठावं हाय. बादलीला लोकर चिकटली हुती. ती बादली म्याच घासली की."

"मग बोलली का नाहीस त्यांना?"

"त्यानं इचारलं का?"

ती पिंजतच राहिली, वाकड्या हातानं, आणि म्हणाली, "इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. तुजं नाव घेतलं आसतं म्या. लई भ्याले हुते."

अण्णा, त्या क्षणी मला तिचा राग आला. तुमचा नाही, तिचा. हातात लोकर पिंजायची कमान होती आणि माझी मूठ त्या कमानीवर आवळली गेली. मी उठून गॅलरीत गेले आणि हात दुखेपर्यंत कठड्यावर बुक्क्या मारल्या. परत आले तेव्हा तिनं विचारलं, "पर धुतलास कशापायी गं?" मी म्हटलं, वास जावा म्हणून. शाळेत मुली मला मेंढी म्हणायच्या, युनिफॉर्मला वास लागायचा. तिनं मान डोलावली. "पोरवयात कुटलं कळतंय," म्हणाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला कळत होतं. वासच घालवायचा असता तर थंड पाणी होतं. मी उकळी फुटेपर्यंत स्टोव्हशेजारी बसून राहिले. तुम्ही अंगात काही नसताना आत जाल, तिथंच गारठून पडाल आणि संध्याकाळी कामावरचं कुणीतरी दाराशी येऊन उभं राहील, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खरंच दाराशी बसून वाट बघितली. तुम्ही रोजच्या वेळेला आलात. आईच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून पाण्याचा तांब्या मीच पुढं केला.