उपाशीपोटी

सोमवार, ४
आजपासून कामाला लागले. प्राण्यांचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. हे गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी डबा भरला. हात सवयीने दुसऱ्या डब्याकडेही गेला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, मला मावशी म्हणतात. माझं काम सोनोग्राफीच्या खोलीत: कुत्र्यामांजरांच्या पोटावरचे केस कापायचे, जेल लावायचं, उताणं धरून ठेवायचं. बाई म्हणाल्या, घाबरू नका मावशी, चावलंच तर इंजेक्शन घरचंच आहे.

बुधवार, ६
पडद्यावरच्या करड्या लाटांतलं थोडं थोडं कळू लागलंय. जठराच्या घड्या, आतड्याचे थर. बाईंचं पुस्तक मागून आणलंय, चित्रं बघत बसते. नियम एकच: जनावर उपाशी हवं. पोटात अन्न असलं की सावली पडते, मागचं काही दिसत नाही.

शुक्रवार, ८
निवृत्त पोस्टमनकाका त्यांच्या कुत्र्याला, ढब्बूला, घेऊन आले. दोन दिवस उलट्या. काका फॉर्म भरायला गेले, तेव्हा ढब्बू माझ्या डब्याकडे बघत राहिला. ऑपरेशनआधी हेही असेच बघायचे, एक घास दे म्हणायचे. मी दिला नव्हता. उपाशीच गेले.
डब्यातला पाव ढब्बूला भरवला. सगळा. शेपटी टेबलावर आपटली, टप टप टप.
पडद्यावर नुसती सावली. सांगूनही खायला घातलंत, म्हणून बाई काकांवर चिडल्या. काका शपथेवर नाही म्हणाले. मी जेल पुसत राहिले. उद्या उपाशी आणा, असं ठरलं.

शनिवार, ९
ढब्बू पहाटेच गेला. बाईंनी पोट उघडून पाहिलं. आतड्यात मोजा अडकलेला. काल दिसला असता तर वाचला असता, म्हणाल्या. काका म्हणाले, माझ्याच हातून काहीतरी खाली पडलं असणार. मी त्यांना पाणी दिलं. तेवढंच.

मंगळवार, १२
कालपासून उपाशी असलेलं मांजर, तरी पडद्यावर तीच सावली. नंतरच्या दोन कुत्र्यांतही. मी हात काढला की पडदा स्वच्छ. बाई म्हणाल्या, मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा.

गुरुवार, १४
तीन दिवस घास उतरलेला नाही. तरी पोट जड. आतून काहीतरी आपटतं. टप टप—

शुक्रवार, १५
दुपार. बाई जेवायला गेल्यात. टेबलावर आडवी झाले. जेल गार. सोनोग्राफीचा प्रोब स्वतःच पोटावर फिरवला.
घड्या नाहीत. एक नाक. दुमडलेले पंजे—
बाहेर काका आलेत, ढब्बूचा पट्टा न्यायला. सांगायला गेले, पण तोंड उघडलं तर आवाज माझा नव्हता. काका दचकले, ‘ढब्बू?’ म्हणाले.
त्यांच्या हाकेने आत शेपटी जोरात—
बोलता येत नाही. लिहून दाखवते. काका, तुमच्या हातून काही पडलं नव्हतं. पाव मी—