सव्वा महिन्यासाठी बुजवलेलं सवणं

आत्याबाई, मी तुमची सून. तुम्हाला सून एकच होती, तरी सांगून ठेवते, कारण विसरण्यात तुमचा हात धरणारं बेंबळी गावात दुसरं कोणी नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून तुम्ही किल्ल्यांसाठी अख्खं घर पालथं घालायच्या. चुलीवर दूध ठेवून शेजारी निवडण-टिपण करायला जाऊन बसायच्या, आणि ते उतू गेलं की मलाच विचारायच्या, "तुजं ध्यान कुठं आसतंय गं?" आता तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मीच तुमच्याहून म्हातारी झाले. मला अक्षर येत नाही. तुम्हालाही येत नव्हतं. लिहितेय ती माझी सून, सोलापूरकडची, इंग्रजांच्या मुलखातली, मराठी चार बुकं शिकलेली. मी 'म्या' म्हटलं की ती 'मी' लिहिते, 'न्हाय' म्हटलं की 'नाही'. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, कोणी तहसीलदारीणच बोलतेय. माणसांची बोलणी तेवढी जशीच्या तशी लिही, असं तिला बजावलंय. तीही मला आत्याबाईच म्हणते, त्यामुळं मघाशी तिनं पहिली ओळ वाचली तर मी "काय गं?" म्हणून ओ दिली.

थकले आहे. चार दिवस खोली आवरतोय. शेतातल्या कामानं माणूस थकतं ते झोपलं की जातं, हे थकणं तसलं नाही. कारण असं की तुमची पणती, माझी नात, पहिल्या बाळंतपणाला येतेय. तिला जळकोटाला दिलीय. अंगानं काडी, आणि आता चार पावलं टाकली तरी धाप लागते असा निरोप आलाय. पुढच्या दाराजवळच्या ढाळजेत तिची सोय करता येत नाही. सध्याचे दिवस धामधुमीचे, ढाळजेत कोण कधी येऊन बसेल त्याचा नेम नाही, बायामाणसं आत असलेली बरी. माजघरात चूल आणि दिवसभर पायरव. राहिली मागची लहान खोली. तुमची खोली, तुमच्यामागं माझी झालेली. एक बाज टाकली की उरलेल्या जागेत लुगडं नेसताना कोपर भिंतीला लागतं, एवढीच ती, आणि तेवढ्यात आपण दोघींनी मिळून साऱ्या घराची अडगळ भरून ठेवलेली.

सुनेनं पदर खोचला आणि एकेक जिन्नस दारात आणून धरायला लागली. "ह्ये ठिवायचं का टाकायचं?" मामंजींची घोंगडी, जिच्यातून आता डाळ चाळता येईल. मी म्हटलं, राहू दे. मोडकी सुपं. राहू दे. विहिरीच्या मोटेच्या जुन्या सोलदोराची भेंडोळी. राहू दे. वाकळ शिवायची म्हणून जपलेल्या चिंध्यांची गाठोडी, एकावर एक, त्यात तुमची दोन लुगडीही आहेत. राहू दे. मग तिनं ती कळशी आणली. "आत्याबाई, हिच्या बुडाला भोक हाय." मी म्हटलं, "व्हय, पर गळा धड हाय की." ती मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता कळशी तांबटाकडं मोडीत गेली, सुपं चुलीत गेली, घोंगडी बैलाच्या पाठीवर गेली. एकदा हात सैल सुटला की सुटतच जातो. रोज संध्याकाळी खोली थोडी मोठी दिसायची आणि मी थोडी लहान. ज्या वस्तूंकडं वर्षानुवर्षं बघितलं नाही त्या जाताना प्रत्येक वेळी पायातलं बळ थोडं घेऊन जातात, हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी उतरंड राहिली. कोपऱ्यातली, तुम्ही रचलेली. खाली रांजण, त्यावर मडकी, त्यावर मडक्यांची पोरं, थेट माळवदाच्या छताला टेकेपर्यंत. सुनेनं शिडी लावून वरनं एकेक उतरवलं. किडलेले हुलगे, राखेत घोळलेली मटकी, काळी ठिक्कर चिंच. पण सगळ्यात वरचं मडकं निघालं तेव्हाच तिची मान वर गेली होती. धुरानं काळ्या झालेल्या लाकडांच्या मधे एक चौकोन होता, कडेनं माती चोपलेला.

"हितं सवणं हुतं व्हय, आत्याबाई?"

मी म्हटलं, "न्हाय."

"मग मधीच ही फरशी कशाला?"

"माळवद गळत आसंल."

"गळतंय तिथं माती टाकत्यात. फरशी कोण बसवतंय?"

सवणं म्हणजे काय हे तिला सांगायला नको. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांना भिंतीत खिडक्या कुठं असतात, छतात हातभर भोक ठेवतात, उजेड नि वारा यायचा तो तिथूनच. धूर जायचा तोही तिथूनच.

आत्याबाई, मला आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता तुमच्या हाताखाली झालं. तुम्ही म्हणाला होता, "आई न्हाय म्हून रडायचं न्हाय. म्या हाय." आणि होताही. तुम्ही स्वतः ही खोली सारवून घेतलीत, बाजेच्या दोऱ्या ताणल्यात, खाली शेगडी ठेवलीत, ओवा, शेपा, लसणाची सालं टाकून धुरी केलीत. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मामंजींना माळवदावर पाठवलंत आणि सवण्यावर शहाबादी फरशी ठेवायला लावलीत. "सव्वा महिना हुईस्तोवर," तुम्ही म्हणालात, "मग काढू." दार बंद, वर फरशी, खाली धुरी. मी अजून तिथं पडलेली आहे, डोळे चुरचुरतायत, कुशीत लेक आहे, ती खोकतेय, एवढ्याशा जिवाचं ते खोकणं मांजराच्या पिलासारखं. मी म्हणतेय, "आत्याबाई, कोंडतंय." तुम्ही माझ्या कपाळावर तेलाचा हात ठेवताय. "सोस थोडं. ह्या दिसांत वारं लागलं तर जल्माचं दुखणं लागतंय." मी सोसलं. मला सोसता येत होतं. तिचं बारसंसुद्धा झालं नाही.

आणि मग ती फरशी काढायची राहून गेली. सव्वा महिना बाळंतिणीचा मोजतात, आणि मांडीवर बाळ नसलं की कोणी मोजत नाही, म्हणून तो संपलाच नाही. पावसाळ्याच्या तोंडाला दरसाली माळवदावर पांढरी माती पडली, ती फरशीवरही पडली. माझी पुढची दोन्ही पोरं माजघरात जन्मली, तुम्ही या खोलीचं नाव काढलं नाहीत. उलट तुम्हीच तुमची बाज इथं आणलीत. "तुज्या मामंजीच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा लागंना," म्हणालात. मी खरं मानलं. मामंजी घोरायचे हे खरंच होतं. मरेपर्यंत तुम्ही त्या कोंदट काळोखात झोपलात आणि मला वाटायचं, या बाईला काही आठवत कसं नाही.

सून म्हणाली, फरशी काढायची. मी म्हटलं, हे घर तिनं बांधलं नाही. ती म्हणाली, हिच्यात शेगडी पेटवली तर पोरगी गुदमरंल, आधीच धाप लागती तिला. मी म्हटलं, थोरल्या माणसानं बंद केलेलं आहे, बंदच राहू दे. तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती मला कधी उलटून बोललेली नाही, आत्ता लिहिताना मान हलवतेय, पण बोलली होती. "लेक माजी हाय, आत्याबाई. तुमच्या सासूची न्हाय."

तुमचा शब्द म्हणून मी अडून बसले, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. पण त्या दिवशी रिकाम्या झालेल्या खोलीत एकटी बसले तेव्हा कळलं की तुमच्या शब्दाचा काही संबंध नाही. ती फरशी निघाली तर हेही निघणार होतं की ती काढता येत होती. कोणाही दिवशी. एक माणूस, एक पहार आणि थोडी माती, एवढंच काम. बंद होतं तोवर मला म्हणता येत होतं की देवानं नेलं. म्हणून मी तिच्याखाली झोपत राहिले, तुमच्यासारखीच. आणि आता पोटुशी पोरगी गाडीत बसायची वेळ आली तरी मी म्हणतेय, राहू दे.

काल सकाळी मला न विचारता सून पुन्हा शिडीवर चढली. हातात पेटती चिमणी. मी दारातून म्हटलं, "पडशील." ती म्हणाली, "पडले तर तुमीच मीठ-मोहऱ्या ओवाळा." फरशीच्या कडेकडेनं तिनं चिमणी फिरवली. मग म्हणाली, "आत्याबाई, हितं कुणीतरी उकरलंय."

"उंदीर आसंल."

"उंदराला बोटं आसत्यात व्हय? ह्या कडंनं माती खरवडलीय, खालनं. वीतभर. आन् पुन्ना वरनं लिंपलीय. बोटं उठलीत की." ती नखानं काहीतरी काढत होती. खाली उतरली आणि तळहात माझ्यासमोर धरला. गंजलेलं, करंगळीच्या पेराएवढं लोखंड. विळ्याचं टोक.

आत्याबाई! तो विळा! बाळ गेलं त्याच सालची सुगी. ज्वारी काढायला निघताना तुम्ही बिनटोकाचा विळा माझ्यापुढं आपटलात. "कुणी मोडला ह्यो?" मी म्हटलं, "म्या न्हाय." "मग उंदरानं मोडला? घरात हात किती हायेत?" दिवसभर बोललात. शेतात, बांधावर, चार बायकांत. मला आई नसल्यामुळं मला वस्तूची किंमत नाही, इथपर्यंत गेलात. मी पदराआड रडले आणि शेवटी असेल बाई माझ्याच हातून मोडला, म्हणून गप्प बसले. त्याच सुगीनंतर तुम्ही इथं उतरंड रचलीत, थेट त्या चौकोनाला टेकेपर्यंत. आणि मोडला होता तुम्हीच! बाजेवर उभ्या राहून, हात वर करून, खालून ती फरशी उचकटायला बघत होता. खालून ती कशी निघणार? वर मामंजींनी टाकलेली माती, खालून दोन माणसांचं बळही पुरलं नसतं. मामंजींना सांगितलं असतंत तर ते म्हणाले असते, तूच तर ठेवायला लावलीस. आणि त्याच्या पुढचं बोलणं त्या घरात कोणाच्यानं बोलवलं नसतं. म्हणून तुम्ही लिंपून टाकलंत, मडकी लावलीत, विळ्याचं खापर माझ्या माथ्यावर फोडलंत आणि बाज आणून त्याच फरशीखाली झोपलात.

मी हसले आत्याबाई. खरंच. सुनेला वाटलं, म्हातारीचं काही बिनसलं. तिला विळ्याचं सांगितलं तर तीही हसली, मग तिनं विचारलं, आता कसं करायचं. मी म्हटलं, "काढ."

तुमचा नातू माळवदावर चढला. वर्षानुवर्षांच्या मातीचे थर निघाले, सुरीनं भाकरीची चळत कापावी तसे, प्रत्येक पावसाळ्याचा वेगळा. पहारेचा आवाज आला, वरनं पांढरा धुरळा सांडला, आणि मग परातीएवढा उजेड सारवलेल्या जमिनीवर पडला. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो, जणू अंगावर काही पडणार आहे. खोली किती लहान आहे, भिंतींना किती भेगा आहेत, सगळं दिसलं. सुनेनं मग तिच्या मनासारखं मांडलं. बाज उजेडाच्या बाजूला, डोकं पूर्वेला. शेगडी बाजेखाली नाही, दाराशी, नुसती ऊब लागेल एवढी. आढ्याच्या कडीला झोळी. मी कशालाच नको म्हटलं नाही. एकदा फक्त म्हटलं, पाऊस आला तर? ती म्हणाली, "तवा झाकू. आन् थांबला की काढू." इतकं सोपं असतं ते, आत्याबाई. तुम्हालाही तेवढंच म्हणायचं होतं.

हे कुठं टाकायचं नाही. सरकारी टपाल तालुक्यापलीकडं धड जात नाही, तुमच्यापर्यंत काय जाणार. माझ्या मनात एवढंच आहे की पोरगी येण्याआधी एक दुपार मी त्या उजेडात आडवी होणार आहे, पाय पसरून, कोणाच्या पोटापाण्याची काळजी न करता. हे सुनेला सांगायचं नव्हतं. पण लिहितेय तीच, म्हणजे कळलंच.

आता पुरे गं. हात दुखला असेल तुझा. उद्या पहाटे पोरीला आणायला जळकोटाला गाडी निघेल तिच्यासोबत विहिणीला शेंगाच्या पोळ्या दे, तूप हात सोडून लाव, नाव ठेवायला जागा ठेवू नको. पोरीला ज्वारीचे धपाटे आणि चिंच-गुळाची गोळी, वेगळ्या फडक्यात, आणि गाडीवानाला सांग, तिच्याच हातात द्यायचं, विहिणीच्या नाही.